दमा असलेला न्यूमोनियाचा रुग्ण जास्त जगतो? आयसीयूच्या नोंदी, मशीन लर्निंग आणि 'घरी नेले'

नोंदकरी (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. विषय थोडा तांत्रिक आहे. पण इथे डॉक्टर आहेत, आकडेवाले आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी आयसीयूच्या दाराबाहेर बाकड्यावर रात्र काढलेली आहे. म्हणून इथेच मांडतोय.

मी कोल्हापुरात एका रुग्णालयात नोंदींचं आणि आकडेवारीचं काम बघतो. नाव सांगत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नये. आमच्याकडे शहरातले रुग्ण कमी, बाहेरचे जास्त: गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड, तिकडून निपाणी, घाट चढून आलेले कोकणातले. आयसीयूच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, पहिल्या चोवीस तासांच्या नोंदींवरून रुग्ण इथून जिवंत जाईल की नाही याचा अंदाज मशीन लर्निंगने, म्हणजे जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवून, बांधता येईल का? कुणाकडे आधी धावायचं आणि नातेवाइकांना कधी समोर बसवून बोलायचं, हे त्यांना वेळेत कळायला हवं होतं. एथिक्स कमिटीची परवानगी घेतली, नावं-पत्ते काढून टाकले आणि कामाला लागलो.

माहिती चार ठिकाणी विखुरलेली. केसपेपर, सिस्टरांचे चार्ट (निम्मे कागदावर), लॅबच्या सॉफ्टवेअरमधले रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड. ऑगस्ट २०१९ च्या पुरातले आठवडे मी बाजूलाच काढले. तेव्हा हायवे बंद होता, त्यामुळे कोण पोहोचलं आणि कोण पोहोचू शकलं नाही, यानेच सगळं बदललं होतं.

पहिलं मॉडेल ग्रेडियंट बूस्टिंगचं केलं. शेकडो लहान निर्णयवृक्ष, प्रत्येक जण आधीच्याची चूक दुरुस्त करतो. बाजूला ठेवलेल्या रुग्णांवर तपासलं तर निकाल सुरेख. आनंदाने डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एका आजोबांची ओळ उघडली. वय ऐंशीच्या पुढे, मेंदूत रक्तस्राव, व्हेंटिलेटरवर. "यांना धोका कमी का दाखवतंय?" मला उत्तर देता आलं नाही. मॉडेल म्हणतं म्हणून, एवढंच माझ्याकडे होतं, आणि ते म्हणायची लाज वाटली.

मग दुसरं मॉडेल केलं. त्याला एक्सप्लेनेबल बूस्टिंग मशीन म्हणतात. यात प्रत्येक गोष्टीची वेगळी वक्ररेषा निघते. वयाची एक, बीपीची एक, क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) एक, शुद्धीच्या पातळीची म्हणजे जीसीएसची एक. रुग्णाचे आकडे त्या त्या रेषेवर ठेवायचे, येतील ते गुण बेरजेत घ्यायचे, की धोका निघाला. सगळं मॉडेल कागदावर छापता येतं. मी छापलं आणि नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर पसरून ठेवलं.

जीसीएस १५ (पूर्ण शुद्धीत) वरून ३ (खोल बेशुद्ध) कडे खाली येईल तसा धोका चढत गेलेला. अपेक्षित. पण अगदी तळाला, ३ आणि ४ पाशी, रेषा एकदम खाली पडलेली. वयाचंही तसंच, ऐंशीनंतर रेषा वाकून उतरते. मला वाटलं रुग्ण थोडे म्हणून असेल. आमच्या इनचार्ज सिस्टर डबा खायला बसल्या होत्या. त्यांनी कागद फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "हे घरी नेलेले पेशंट आहेत ओ."

शेवटच्या रकान्यात मी 'मृत्यू' एकीकडे आणि बाकी सगळे 'जिवंत' असे दोन भाग केले होते. त्या 'बाकी सगळ्यां'त डामा होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध सही करून रुग्णाला घेऊन जाणं म्हणजे डामा. आता काही होत नाही असं कळल्यावर घरचे रुग्णाला घेऊन जातात, शेवटचा श्वास आपल्या दारात जावा म्हणून. तो माणूस कदाचित पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंतही पोहोचत नाही, आणि माझ्या तक्त्यात तो 'जिवंत बाहेर पडला'.

पहिलं मॉडेलही तेच शिकलं होतं, फक्त ते आत दडलेलं होतं. आणि तपासणीला ठेवलेल्या रुग्णांतही तीच चूक असल्यामुळे गुण उत्तम पडत होते. उत्तरपत्रिकाच चुकलेली असेल तर मार्कांना काय अर्थ?

अमेरिकेत अगदी असंच घडलेलं आहे. १९९० च्या दशकात न्यूमोनियाच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला. नियम काढणाऱ्या एका पद्धतीने नियम दिला, दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी. कारण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट आयसीयूत घेत, जोरात उपचार करत, आणि म्हणून तो वाचत असे. हे मॉडेल वापरून कुणी दमेकऱ्याला घरी पाठवलं असतं तर? त्या प्रकल्पात सगळ्यात अचूक न्यूरल नेटवर्क होतं (आतला हिशेब माणसाला वाचता येत नाही असं मॉडेल), त्यावर काम करणारे रिच कॅरुआना होते, आणि ते रुग्णांवर वापरायचं नाही असंच ठरलं. दमा नियमात दिसला म्हणून सापडला, पण नेटवर्कच्या पोटात आणखी काय असेल ते कोण बघणार? २०१५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेच काम वक्ररेषांच्या मॉडेलने पुन्हा केलं. तेव्हा दम्याबरोबर छातीत दुखण्याचा आणि हृदयविकाराचा इतिहासही तसाच उलटा निघाला.

माझा प्रश्न एवढाच आहे. डामाला मी काय समजू? मृत, जिवंत, की तिसरंच काही?

---

घाटमाथा
सोमवार, रात्री ११.५५

मी आयसीयूचं काम करतो, दुसऱ्या ठिकाणी. तुमच्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा.

पण थांबा. जीसीएसच्या रेषेतला तो तळाचा खड्डा घाईने बुजवू नका. त्यात दोन वेगळी माणसं पडलेली आहेत.

मण्यार आठवा. पावसाळ्यातली रात्र, माणूस जमिनीवर झोपलेला. दंश बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, आणि पुढे श्वास थांबतो. आमच्याकडे येतो तेव्हा हात-पाय हलत नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकला तरी हालचाल नसते. जीसीएस ३ लिहिला जातो. नवख्या डॉक्टरला वाटेल मेंदू गेला. पण मेंदू शाबूत असतो, विषाने नसा-स्नायूंमधला निरोप तेवढा तोडलेला असतो. प्रतिविष आणि व्हेंटिलेटर वेळेत मिळालं तर काही दिवसांत तोच माणूस उठून बसतो आणि चालत घरी जातो. कीटकनाशक पोटात गेलेल्यांचंही काहीसं तसंच. सुरुवातीला खोल बेशुद्ध, पण निभावून नेलं तर बरेच परततात.

म्हणजे जीसीएस ३ मध्ये एक खरोखर वाचलेला आहे आणि एक घरी नेलेला. तुम्ही डामा दुरुस्त केलात की रेषा वर जाईल, ते बरोबरच. पण मग मण्यारच्या पोरालाही मॉडेल मरणार म्हणेल. शुद्धीच्या रेषेला निदानाची जोड द्या. अशी जोडी तुमच्या पद्धतीत घेता येते ना?

हे बाहेरून आलेल्या गुणपत्रिकांचंही दुखणं आहे. अपाचे टू ही आयसीयूतला आजार किती गंभीर ते गुणांनी मोजणारी पद्धत १९८५ ची, अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या ५८१५ आयसीयू नोंदींवर बसवलेली. आम्ही रोज वापरतो आणि ती उपयोगी आहे. पण तीत शुद्धीचे गुण १५ वजा जीसीएस असे धरतात, म्हणजे मण्यारच्या रुग्णाला सरळ १२ गुण. उसाच्या पट्ट्यातली आयसीयू ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर
मंगळवार, सकाळी ९.१०

धागा आवडला. पण धागाकर्त्याच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. बूस्टिंगवर शॅप लावलं असतं तरी हे दिसलं असतं. २०१७ पासून ते सगळे वापरतात. प्रत्येक रुग्णासाठी कोणत्या गोष्टीने धोका किती वाढवला, किती कमी केला, हे पट्ट्यांनी दाखवतं. त्या आजोबांच्या ओळीवर जीसीएसची पट्टी उलट्या दिशेला गेलेली दिसलीच असती. मॉडेल गुंतागुंतीचं ठेवून नंतर स्पष्टीकरण काढता येतं. अचूकता कशाला सोडायची?

आणि सोपं मॉडेल सुरक्षित असतं हेही मला पटत नाही. २०२० मध्ये वुहानच्या ४८५ कोविड रुग्णांवरून तीन तपासण्यांचा निर्णयवृक्ष प्रसिद्ध झाला होता. एलडीएच, लिम्फोसाइट आणि सीआरपी. शाळकरी मुलाला समजेल इतका सोपा, आणि अचूकता ९० टक्क्यांच्या वर सांगितलेली. नंतर नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवर लावून पाहिला, तर तो टिकला नाही.

---

नोंदकरी
मंगळवार, दुपारी १.२५

दादा, वुहानचा मुद्दा मान्य. तो वृक्ष रुग्णाच्या शेवटच्या रक्ततपासणीवर बांधलेला होता. शेवटाजवळचं रक्त शेवट सांगणारच. दाखल होतानाच्या रक्तावर तोच नियम लावला की पडतो. आपलं मॉडेल कोणत्या वेळचे आकडे खातंय हे मी त्यानंतर दोनदा तपासलं.

शॅपबद्दल. ते वापरून दिसलं असतं, हेही खरं. पण दिसलं असतं कुणाला? मला, संगणकासमोर, एकेक रुग्ण उघडून. मला तर डामा ही काय चीज आहे याची पुरती कल्पनाच नव्हती. सिस्टरांना दिसलं कारण सगळं मॉडेल दहा-बारा कागदांवर त्यांच्यासमोर पडलेलं होतं आणि प्रत्येक रेषा अख्खी होती. शिवाय शॅप मॉडेलच्या हिशेबाची जी फोड देतं ती वेगळी बनवलेली असते. माझ्या मॉडेलमध्ये रेषा हाच हिशेब. सिंथिया रूडिन यांनी २०१९ मध्ये ठामपणे मांडलं की जिवावरच्या निर्णयांत बंद पेटीची स्पष्टीकरणं काढत बसण्याऐवजी मुळातच उघडी पद्धत वापरा. रकान्यांतल्या आकड्यांपुरतं मला ते पटतं. एक्स-रे किंवा ईसीजीचा आलेख वाचायचा असेल तर तुमचं म्हणणं वेगळं, तिथे मी वाद घालणार नाही.

अचूकतेत दोन्हींत फरक फारसा नव्हता. आणि जो होता तो चुकीच्या रकान्यावरचा होता, त्यामुळे त्याचा आकडा मी इथे देतच नाही.

घाटमाथा सर, मण्यारचं वाचून रात्री झोप लागली नाही. हो, जोडी घेता येते. पण निदानाचा रकाना माझ्याकडे कसा आहे सांगू? 'सर्पदंश', 'साप', 'अज्ञात दंश', 'किडा चावला', आणि एका ठिकाणी नुसतं 'पान लागलं'. आधी ते एकत्र करावं लागेल.

---

सांख्यिकी_विभाग_माजी
मंगळवार, रात्री ८.४०

शिवाजी विद्यापीठात शिकलो, आता शिकवतो. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो फार जुना आहे आणि त्याचं उत्तर अर्धंच सोपं आहे.

ज्याचा शेवट आपल्याला दिसला नाही त्याला जगण्याच्या अभ्यासात खंडित नोंद म्हणतात. कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये अशा नोंदी फेकून न देता कशा वापरायच्या ते दाखवलं: रुग्ण जितके दिवस नजरेसमोर होता तितके दिवस तो मोजायचा, पुढचे नाही. १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स यांनी त्यात वय, बीपी अशा गोष्टींचा परिणाम घालायची रीत दिली. जगण्याच्या अभ्यासातली आजची बरीच मॉडेलं त्याच पायावर उभी आहेत.

पण दोन्हींत एक अट आहे. नजरेआड झालेला माणूस, नजरेसमोर राहिलेल्या त्याच्यासारख्याच माणसाइतकाच धोक्यात असला पाहिजे. कुणी गाव बदललं, फोन हरवला, तर चालतं. डामात ही अट मोडते, कारण रुग्ण जाणार म्हणूनच घरी नेलेला असतो. त्यामुळे 'खंडित' लिहून मोकळं होणं हीही चूकच, फक्त दिसायला शास्त्रीय. काही जण सुचवतील की डामाला मृत्यूशी स्पर्धा करणारी वेगळी घटना धरा. त्यासाठीही रीती आहेत. पण घरी नेल्याने मृत्यू टळत नाही, तो आपल्याला दिसत नाही एवढंच. तुमचा प्रश्न 'माणूस जगला का' हा असेल तर ते उत्तर नाही.

आणि सगळे डामा एक नाहीत. एक, आशा संपली म्हणून नेलेले. दोन, पैसे संपले म्हणून सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा दुसरीकडे हलवलेले. तीन, बरं वाटतंय, आणखी बिल नको म्हणून लवकर नेलेले. तिसरे बहुतेक जगतात. आधी हे वेगळे करा. मग एकदा सगळे पहिल्या प्रकारचे मृत धरून मॉडेल चालवा, एकदा जिवंत धरून. ज्या रेषा दोन्हींत जागच्या हलत नाहीत त्यांच्यावर विश्वास ठेवा. हलतात त्यांच्यावर अजून बोलू नका.

खरा इलाज मात्र एकच, तिसाव्या दिवशी फोन.

---

रातपाळी
बुधवार, पहाटे ५.१५

ड्यूटी संपत आली, तेवढ्यात वाचलं. मी बरीच वर्षं आयसीयूला सिस्टर आहे. मशीनचं मला कळत नाही, चार्टचं कळतं, म्हणून दोन गोष्टी सांगते.

व्हेंटवर असताना झोपेचं औषध चालू असतं. तेव्हा लिहिलेला जीसीएस हा पेशंटचा नसतो, औषधाचा असतो. आमच्यातल्या काही जणी औषधाच्या आधीचा लिहितात, काही जणी आत्ताचा. तुमच्या रेषेत दोन्ही मिसळलेत.

दुसरं. रात्री दोन वाजता एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवला असेल तर रिपोर्ट यायच्या आधीच समजा की पेशंट बरा नाही. सकाळी सहाचं रक्त सगळ्यांचंच जातं. रात्री दोनचं, कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकली म्हणूनच जातं. बीपी चार तासांनी घेणारी सिस्टर तासाला घ्यायला लागली की तेही तसंच. आकडा नॉर्मल असला तरी.

आणि काही तपासण्या कोऱ्या असतात. योजनेत बसत नाही म्हणून बाहेरून करायला सांगितलेली असते आणि नातेवाईक म्हणतात, उद्या बघू. ती कोरी जागा आणि 'गरज नाही' म्हणून सोडलेली कोरी जागा, कागदावर सारखीच दिसते.

---

सांख्यिकी_विभाग_माजी
बुधवार, सकाळी १०.०५

सिस्टर, तुम्ही जे पहाटे पाच वाजता लिहिलंत त्यावर २०१८ मध्ये बीएमजे या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. बोस्टनमधल्या दोन रुग्णालयांच्या ६,६९,४५२ रुग्णांच्या नोंदी. ज्या १७४ तपासण्यांत तुलना करता आली, त्यांतल्या ११८ मध्ये रुग्ण पुढे जगेल का हे तपासणीच्या निकालापेक्षा ती कधी सांगितली गेली यावरून जास्त नेमकं कळत होतं. म्हणजे नोंदीत रुग्णाच्या शरीराबरोबर डॉक्टर-सिस्टरांची काळजीही उतरलेली असते.

नोंदकरी, याचा अर्थ पुढे असा होतो. तुमचं मॉडेल सिस्टरांच्या काळजीवरून धोका ओळखत असेल, तर जिथे सिस्टर कमी आणि रुग्ण जास्त, तिथे ते आंधळं होईल. तिथेच ते सगळ्यात जास्त लागणार असतं.

आणि पैशाअभावी कोऱ्या राहिलेल्या तपासणीबद्दल: २०१९ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या प्रणालीवर झालेला अभ्यास वाचा. ती प्रणाली 'कुणाला जास्त काळजीची गरज' हे 'कुणावर जास्त खर्च होईल' यावरून ठरवत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर आधीच कमी खर्च होत आलेला, म्हणून तेवढेच आजारी असूनही ते कमी गरजू ठरत होते. आपल्याकडे ती कोरी जागा तेच काम करेल.

---

आंबेवाडीचा
बुधवार, रात्री ९.३०

मला यातलं काही कळत नाही. पण मी ती सही केलेली आहे. वडिलांची, तीन वर्षांपूर्वी. रुग्णालयाबद्दल तक्रार नाही. डॉक्टरांनी सगळं केलं. आई म्हणाली, घरी न्या, त्यांना त्यांच्या गोठ्याजवळ जाऊ दे. ॲम्ब्युलन्समध्ये मी अंबू, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत आलो. घरी आणल्यावर दोन तास होते.

तुमच्या तक्त्यात ते जिवंत आहेत हे वाचून कसं वाटलं ते सांगता येत नाही.

विचारायचं एवढंच की, उद्या हा आकडा बघून आमच्यासारख्याला म्हणतील का, की म्हातारा जगायचा नाही, बेड दुसऱ्याला द्या?

---

घाटमाथा
बुधवार, रात्री ११.२०

दादा, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. आईंना नमस्कार सांगा.

तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि भीती खोटी नाही. बेड कुणाला द्यायचा हे ठरवायला हा आकडा वापरायचा नाही, असं सुरुवातीलाच लेखी हवं. दुसरंही एक कारण आहे. आम्ही ज्याच्यावर प्रयत्न थांबवतो तो जातो, मग मॉडेल शिकतं की असे रुग्ण जातात, मग आम्ही आणखी लवकर थांबतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आकडा स्वतःलाच खरा करत राहतो. ते टाळायचं असेल तर थांबायचा निर्णय आकड्याच्या हातात जाताच कामा नये.

मला तो आकडा उलट दिशेने हवा आहे. मला रुग्ण ठीक वाटतोय आणि रेषा सांगताहेत की नाही, तेव्हा मी परत जाऊन बघेन, आणि कोणत्या रेषेने ते म्हटलं हे दिसलं तर कुठे बघायचं तेही कळेल. लघवी कमी झाली होती, माझ्या नजरेतून सुटलं होतं, असं. नातेवाइकांशी बोलताना मी टक्केवारी आजवर कधी सांगितली नाही आणि सांगणारही नाही. टक्के शंभर माणसांचे असतात, समोर बसलेल्याचे वडील एकच असतात.

---

नोंदकरी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.५०

मंडळी, थोडं पुढे सरकलं आहे, म्हणून धागा वर काढतो.

शेवटचा रकाना आता पाच पर्यायांचा झाला. मृत्यू, डिस्चार्ज, आणि डामाचे तीन प्रकार. प्रकार सही घेणाऱ्या सिस्टरच लिहितात, कारण कुटुंब काय म्हणत होतं ते त्यांनाच ठाऊक असतं. जुन्या फायलींतले डामा सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर शेरे वाचून वेगळे करताहेत. काही ठिकाणी शेराच नाही. त्यांना मी कुठेही ढकललं नाही.

पहिल्या प्रकारचे डामा मृत धरून मॉडेल चालवलं. जीसीएसचा खड्डा बराच भरला, पण पूर्ण नाही. निदानाची जोडी घातल्यावर उरलेला खड्डा दंश आणि विषबाधेच्या रुग्णांपाशी जाऊन बसला. घाटमाथा सर म्हणाले तसाच. वयाची रेषा ऐंशीनंतर आता वाकत नाही. क्रिएटिनिन आणि लघवीच्या रेषा दोन्ही वेळेला जागच्या हलल्या नाहीत, त्यामुळे सध्या बोलायचं तर तेवढ्यावरच बोलतोय. तपासणी कोरी असेल तर 'गरज नाही' आणि 'झाली नाही' असे दोन शिक्के पुढच्या महिन्यापासून. औषधाच्या आधीचा जीसीएस वेगळ्या रकान्यात.

हे अजून कुठल्याही रुग्णासाठी वापरलेलं नाही. आधी वर्षभर नुसतं पडद्यामागे चालवून बघायचं ठरलंय.

आंबेवाडीच्या दादा, बेडसाठी वापरायचं नाही ही ओळ कमिटीच्या कागदावर पहिलीच घातली आहे.

तिसाव्या दिवशीचे फोन सुरू केले, आणि तिथेच अडलोय. निम्मे नंबर लागत नाहीत. दाखल करताना जो सोबत असतो त्याचा नंबर घेतलेला असतो, आणि तो बऱ्याचदा गाडी घेऊन आलेला शेजारी निघतो. कुणीतरी सुचवलं की गावातल्या दूध संस्थेत विचारा, तिथे सगळ्यांची खबर असते. ते मी केलं नाही. कुणाच्या घरातलं आजारपण संस्थेच्या कट्ट्यावर नेणं बरं नव्हे. आता दाखल होतानाच घरातल्या दोघांचे नंबर आणि फोन करायची संमती घेतो. पण फोन लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? पहिल्या दिवशी मी एका ताईंना सरळ विचारलं, "पेशंट आहेत का?" पलीकडून खूप वेळ काहीच आवाज आला नाही.

---

रातपाळी
रविवार, रात्री ११.४०

असं विचारायचं नाही. आधी रुग्णालयाचं नाव सांगायचं, मग आपलं. नाहीतर त्यांना वाटतं बिल राहिलंय. मग म्हणायचं, "आजोबांना नेलं होतं तुम्ही, घरी सगळे कसे आहात?" घरचे कसे आहात, असं. पुढे ते स्वतः सांगतात. सांगेपर्यंत थांबायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि त्यांच्यासमोर टाइप करायचं नाही, कीबोर्डचा आवाज पलीकडे जातो.

दुपारी चारच्या सुमारास करा. सकाळी धारा आणि रानात असतात, संध्याकाळी पुन्हा धारा. आणि अमावास्येला करू नका, उगीच मनाला लागतं लोकांच्या.

मंगळवारी माझी सुट्टी आहे. पहिले दहा फोन मी करते, तुम्ही शेजारी बसा.